मधुमेहींचे मूत्रपिंड, रक्तातील मेदाम्ले आणि ओमेगा-३च्या गोळ्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रक्तातील ओमेगा-३ मेदाम्लांचे प्रमाण ज्यांच्यात चांगले असते त्यांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार होण्याचे प्रमाण कमी असते, असे सांगणारा लेख आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत नुकताच वाचला. लेखात दिलेली मूळ माहिती चुकीची नाही. मात्र त्या माहितीच्या आधारे मधुमेहींनी ओमेगा-३च्या गोळ्या सुरू कराव्यात असा जो सल्ला लेखाच्या अखेरीस दिला आहे, तो त्या माहितीतून निघत नाही. उलट तो तपासून पाहण्यासाठीच केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष त्याच्या विरुद्ध गेलेला आहे. ही बाब वाचकांसमोर यावी यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, पण विषयच असा आहे की तो चार ओळींत सांगायला गेले तर पुन्हा अर्धवटच सांगितला जाईल.

वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आणि त्याला जोडलेल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे काम पाहण्यात माझी नोकरी गेली. मधुमेहींच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने हे आमच्या प्रयोगशाळेचे रोजचे काम होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे दाखवले. मधुमेह असलेल्यांपैकी साधारणपणे तीस ते चाळीस टक्के लोकांच्या मूत्रपिंडाला आयुष्यात कधी ना कधी इजा पोहोचते, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणजे आपल्या देशात हा प्रश्न कोट्यवधी घरांचा आहे, आणि वर्तमानपत्रात छापलेला एक वाक्याचा सल्ला त्यांतल्या कित्येक घरांत औषधासारखा पाळला जातो.

प्रथम रक्तातील मेदाम्ले म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ सुशिक्षित वाचकांचाही असा समज असतो की ‘लिपिड प्रोफाइल’ केले की ती मोजली गेली. त्या तपासणीत कोलेस्टेरॉल, त्याचे एचडीएल व एलडीएल हे भाग आणि ट्रायग्लिसराइड एवढेच कळते. मेदाम्ले ही या पदार्थांच्या आतली घटकद्रव्ये आहेत. ट्रायग्लिसराइडच्या प्रत्येक रेणूत तीन मेदाम्ले असतात, पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिडांत ती असतात, कोलेस्टेरॉलला जोडलेली असतात आणि थोडी मोकळी फिरतात. त्यांतली कोणती किती, हे जाणण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी निराळी यंत्रणा लागते, जी गल्लीतल्या प्रयोगशाळेत नसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या मधुमेहीचे रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून नळी बाहेर काढली, की वरचा द्राव पिवळसर, पारदर्शक दिसण्याऐवजी दुधाळ पांढरा दिसतो. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरे दिसत नाहीत. आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला अशी नळी हातात देऊन दाखवली जात असे. रक्तात किती स्निग्ध पदार्थ वाहतो आहे याची ती स्वच्छ साक्ष असते, पण तो शेंगदाण्याच्या तेलातला, डालड्यातला, मासळीतला की यकृताने साखरेपासून तयार केलेला, हे त्या नळीवरून कोणालाही सांगता येत नाही.

यकृताचा हा उल्लेख सहज केलेला नाही. पामिटिक आम्ल हे आपल्या रक्तातील सर्वांत मुबलक संपृक्त मेदाम्ल आहे. ते तूप आणि पामतेल यांतून येते हे खरे, परंतु गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासून यकृत स्वतःही ते बनवते. त्यामुळे एखाद्याच्या रक्तातले पामिटिक आम्ल वाढलेले दिसले, तर दोष त्याच्या ताटातल्या तुपाला द्यायचा की चहातल्या साखरेला, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही. ओमेगा-३ गटातील ईपीए आणि डीएचए या दोन मेदाम्लांचे तसे नाही. ती शरीरात फार थोडी तयार होतात, म्हणून रक्तातले त्यांचे प्रमाण हे त्या व्यक्तीने गेल्या काही आठवड्यांत मासळी किती खाल्ली याचे बऱ्यापैकी विश्वसनीय माप ठरते. लोक आपल्या आहाराविषयी जे सांगतात त्यापेक्षा हे माप अधिक खरे असते, आणि म्हणूनच संशोधकांना ते हवे असते.

आता मूत्रपिंडाकडे वळते. मधुमेहात इन्शुलिनचा परिणाम कमी पडला की केवळ साखर वाढत नाही. चरबीच्या पेशींमधून मेदाम्ले बाहेर पडण्यावर इन्शुलिनचा जो अंकुश असतो तोही सैल होतो, आणि रक्तातील मोकळी मेदाम्ले वाढतात. ती पाण्यात विरघळत नसल्यामुळे अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून प्रवास करतात. निरोगी मूत्रपिंडाची गाळणी अल्ब्युमिनला जवळजवळ पूर्णपणे अडवते. मधुमेहाने ही गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन पलीकडे गळू लागते, आणि त्याच्याबरोबर त्याला चिकटलेली मेदाम्लेही नलिकांमध्ये उतरतात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशी गळलेले अल्ब्युमिन परत उचलून घेण्याचे काम करतात, त्यामुळे ही मेदाम्ले थेट त्या पेशींच्या पोटात जातात. लघवीतून प्रथिन जाणे हे केवळ आजाराचे लक्षण नसून आजार वाढवणारे एक कारणही आहे, असे मूत्रपिंडतज्ज्ञ मानतात, त्यामागे हा एक मार्ग आहे.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. नलिकेच्या या पेशींना मेदाम्ले मुळात परकी नाहीत. शरीरासाठी क्षार, पाणी, साखर परत खेचण्याचे अखंड काम करण्यासाठी त्यांना प्रचंड ऊर्जा लागते, आणि ही ऊर्जा त्या ग्लुकोजपासून मिळवत नाहीत, मुख्यत्वे मेदाम्ले जाळूनच मिळवतात. म्हणजे त्यांचे इंधनच हे आहे. अमेरिकेतील कॅटलिन सुस्ताक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात दाखवून दिले, की ज्या मूत्रपिंडात व्रणतंतू वाढून ते आक्रसत चालले आहे, त्यातील नलिकापेशींची मेदाम्ले जाळण्याची क्षमताच खालावलेली असते. इंधन येत राहते, जळत मात्र नाही, आणि पेशीत चरबीचे थेंब साठू लागतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मूळ रहिवासी समाजात, जिथे मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ज्यांचे मूत्रपिंड पुढे अधिक बिघडले त्यांच्या रक्तात मेदाम्ले नीट न जळण्याच्या खुणा आधीपासूनच दिसल्या होत्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर पामिटिक आम्ल टाकले तर त्या मरू लागतात, तर शेंगदाणा आणि ऑलिव्ह तेलात भरपूर असणारे ओलेइक आम्ल त्याच पेशी बऱ्याच अंशी सहन करतात, इतकेच नव्हे तर पामिटिक आम्लाचा घाव ते सौम्यही करते. तेव्हा स्निग्ध पदार्थांचा मूत्रपिंडाशी संबंध आहे का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. मूरहेड यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हापासून तिच्यावर काम चालू आहे.

यानंतर आपल्या लेखाचा आधार असलेला अभ्यास येतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ देशांतील १९ अभ्यासांची माहिती एकत्र करण्यात आली होती. एकूण २५,५७० व्यक्तींच्या रक्तातील किंवा पेशींतील मेदाम्ले मोजली गेली होती, आणि पुढील अनेक वर्षांत त्यांपैकी ४,९४४ जणांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार झाला. ज्यांच्या रक्तात मासळीतून येणारी ओमेगा-३ मेदाम्ले अधिक होती त्यांना हा धोका सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसला. सर्वाधिक पातळीचा पाचवा हिस्सा आणि सर्वांत कमी पातळीचा पाचवा हिस्सा यांची तुलना केली असता हा फरक १३ टक्क्यांचा होता. मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत कल सारखाच होता. जवस, अक्रोड यांसारख्या वनस्पतींतून येणाऱ्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा मात्र असा कोणताही संबंध आढळला नाही. काम मोठे आहे आणि काळजीपूर्वक केलेले आहे, यात मला शंका नाही.

परंतु आठ टक्के या आकड्याचे वजन वाचकाला कळायला हवे. या अभ्यासात शंभरातील साधारण एकोणीस जणांना विकार झाला. आठ टक्के घट याचा अर्थ एकोणीसच्या जागी साडेसतराच्या आसपास. आणि हा फरकदेखील मेदाम्लांमुळेच पडला, असे असा अभ्यास म्हणू शकत नाही, कारण येथे कोणालाही काही दिलेले नव्हते, केवळ पाहिलेले होते. जो माणूस नियमित मासळी खातो तो तळलेले मांस किंवा बेकरीचे पदार्थ कदाचित कमी खातो, त्याची कमाई, व्यायाम, सिगारेटची सवय वेगळी असू शकते. संशोधक यातल्या पुष्कळ गोष्टी हिशेबात धरतात, तरी सगळ्या धरता येत नाहीत. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर बाण उलट दिशेनेही जातो. मूत्रपिंड बिघडले की ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या विकराचे काम मंदावते, लघवीतून प्रथिन फार जाऊ लागले की यकृत अधिक लिपोप्रोटीन, म्हणजे रक्तातून स्निग्ध पदार्थ वाहून नेणारे कण, बनवू लागते, भूक मंदावते, आहार बदलतो. म्हणजे रक्तातील मेदाम्लांचे चित्र हे आजाराचे कारण आहे की परिणाम, हे एका वेळच्या नमुन्यावरून सांगणे अवघड असते.

अशा वेळी एकच उपाय उरतो, तो म्हणजे प्रयोग करणे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना खरे औषध द्यायचे, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी पण निष्क्रिय गोळी द्यायची, आणि वाट पाहायची. आपल्या लेखकांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट ही, की असा प्रयोग आधीच झालेला आहे. तो नेमका मधुमेहींवर झालेला आहे आणि नेमका मूत्रपिंडाच्या प्रश्नावर झालेला आहे. अमेरिकेतील ‘व्हायटल-डीकेडी’ या प्रयोगात टाइप-२ मधुमेहाच्या १,३१२ प्रौढांना दररोज एक ग्रॅम ओमेगा-३, अथवा ड जीवनसत्त्व, अथवा दोन्ही, अथवा निष्क्रिय गोळी अशी पाच वर्षे देण्यात आली. त्याचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे अहवालात ‘ईजीएफआर’ म्हणून छापली जाते ती, पाच वर्षांत ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये सरासरी १२.२ ने आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये १३.१ ने घटली. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. त्यापूर्वी २०१८ साली ब्रिटनमधील ‘ॲसेंड’ या प्रयोगात १५,४८० मधुमेहींपैकी अर्ध्यांना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ ओमेगा-३ देऊन पाहण्यात आले, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनाही कमी झालेल्या आढळल्या नाहीत.

‘व्हायटल-डीकेडी’ प्रयोगालाही मर्यादा होत्या आणि त्या सांगणे न्यायाचे आहे. त्यातील बहुतेकांची मूत्रपिंडे सुरुवातीला चांगली होती, आणि मात्रा एक ग्रॅमच होती. अधिक मात्रेच्या काही लहान प्रयोगांत लघवीतील प्रथिन थोडे घटल्याचे दिसले आहे. मात्र गाळण्याची क्षमता टिकल्याचे त्यांतही दिसले नाही, आणि मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो हे अनेक प्रयोगांतून पुढे आले आहे. म्हणून आज हातात असलेल्या पुराव्यावर मधुमेहींनी मूत्रपिंड वाचवण्यासाठी ही गोळी घ्यावी असे म्हणता येत नाही.

शिवाय बाजारात मिळते ते काय, हेही पाहिले पाहिजे. आमच्या शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या गोळ्यांची बाटली दाखवायला आणली होती. समोर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’. मागच्या बाजूला, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतील एवढ्या अक्षरांत, ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे हजार मिलिग्रॅम मासळीच्या तेलात कामाची मेदाम्ले तीनशे. अमेरिकेतील प्रयोगात रोजच्या एक ग्रॅमच्या गोळीत अशी मेदाम्ले साधारण ८४० मिलिग्रॅम होती आणि तरी मूत्रपिंडावर परिणाम दिसला नाही. काकू दिवसाला एक गोळी घेत होत्या. निवृत्तिवेतनातून हा खर्च त्या दर महिन्याला नेमाने करत होत्या.

त्यांच्या अहवालांची फाइलही त्यांनी सोबत आणली होती. फाइल व्यवस्थित होती, वर्षानुसार लावलेली. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ), सगळे होते. लघवीची साधी तपासणी होती आणि तिच्यापुढे प्रत्येक वेळी ‘अल्ब्युमिन : निरंक’ असे लिहिलेले होते. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, जे ‘एसीआर’ या नावाने ओळखले जाते, ते संपूर्ण फाइलमध्ये एकदाही नव्हते. मधुमेहाला पंधरा वर्षांच्या वर होऊन गेली आहेत.

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. साध्या पट्टीने केलेल्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन दिसते ते गळती बरीच वाढल्यावर. मूत्रपिंडाला इजा होऊ लागते तेव्हाची सुरुवातीची गळती, म्हणजे क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या थोडी वरची, ती पट्टी पकडत नाही, आणि अहवालात ‘निरंक’ असेच येते. रुग्ण निर्धास्त होतो. रक्तातील क्रिएटिनिनही सुरुवातीला फसवते, कारण मूत्रपिंडाचे बरेच काम गेल्याशिवाय ते मर्यादेबाहेर जात नाही, आणि वयस्कर, कृश स्त्रियांमध्ये तर स्नायू कमी असल्यामुळे ते आणखी उशिरा वाढते. एसीआर मात्र आधी बोलते. गुणोत्तर ३० च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध होण्याची वेळ, ३०० च्या वर म्हणजे धोका स्पष्ट. तपासणीला सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना उत्तम. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून एकदा वाढलेला दिसला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करतात. खर्च काही शे रुपयांचा. टाइप-२ मधुमेहाचे निदान झाले त्याच दिवसापासून दर वर्षी ही तपासणी आणि सोबत ईजीएफआर करावे, असे मधुमेह आणि मूत्रपिंड या दोन्ही क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर सुरुवात करायची असते.

लवकर कळले तर करता काय येते, असा प्रश्न कोणी विचारेल. पुष्कळ करता येते, आणि ते प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. २००१ साली लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या ‘रिनाल’ या प्रयोगात मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या १,५१३ रुग्णांमध्ये मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. रामिप्रिल, टेलमिसार्टन यांसारखी त्याच कुळातली औषधे आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळतात. २०१९ सालच्या ‘क्रेडेन्स’ प्रयोगात, ४,४०१ रुग्णांमध्ये, कॅनाग्लिफ्लोझिन या एसजीएलटी-२ गटातील औषधाने मूत्रपिंड निकामी होणे आणि तत्सम गंभीर परिणाम एकत्रितपणे ३० टक्क्यांनी कमी केले, आणि तेही रुग्ण आधीच लोसार्टनसारखे औषध घेत असताना. त्यानंतर फिनेरेनोन आले, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडचे निष्कर्ष आले. यातली काही औषधे महाग आहेत. पण एसजीएलटी-२ गटातीलच डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपल्यामुळे, एके काळी केवळ शहरी रुग्णाला परवडणारे हे औषध आता पुष्कळ स्वस्त झालेले आहे. कोणाला कोणते द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, कारण उपास, जुलाब, शस्त्रक्रिया अशा वेळी ही औषधे थांबवावी लागतात. मात्र डॉक्टरांना ठरवता यावे यासाठी एसीआरचा आकडा त्यांच्यासमोर असायला हवा.

स्निग्ध पदार्थांवरील औषधांविषयीही येथेच दोन शब्द लिहिते. मूत्रपिंडविकार असलेल्या मधुमेहींना स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध दिले जाते ते योग्यच आहे, कारण अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका फार मोठा असतो आणि पुष्कळ जण डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधी हृदयविकारानेच जातात. परंतु २०११ च्या ‘शार्प’ प्रयोगात, ९,२७० रुग्णांमध्ये, कोलेस्टेरॉल उतरवल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना १७ टक्क्यांनी घटल्या तरी मूत्रपिंड बिघडण्याचा वेग कमी झाला नाही. रक्तातील एक आकडा सुधारला म्हणजे अवयव वाचला, असे गृहीत धरता येत नाही, हे मूत्रपिंडाने आम्हाला वारंवार शिकवले आहे.

तर मग आहाराचे काय? मासळी खाणाऱ्यांनी ती अवश्य खावी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोव्याच्या किनाऱ्यावर बांगडा आणि तारली ही ओमेगा-३ने समृद्ध असलेली मासळी तुलनेने स्वस्त मिळते, आणि पापलेट-सुरमईच्या मागे लागण्याची गरज नाही. ती कालवणात घालून किंवा थोड्या तेलावर परतून खावी. सुक्या मासळीबाबत मात्र सावध राहावे, कारण तिच्यातले मीठ रक्तदाब वाढवते आणि मधुमेहीच्या मूत्रपिंडाला रक्तदाब साखरेइतकाच मारक असतो.

मी राहते त्या सोलापुरात, आणि तसेच मराठवाड्यात व विदर्भात, समुद्रातील मासळी रोजच्या जेवणात नाही. असंख्य घरे माळकरी आहेत आणि तेथे मासळीचा प्रश्नच येत नाही. मासळीच्या तेलाची गोळी मूत्रपिंडासाठी आवश्यक आहे असे अशा घरांना सांगणे म्हणजे त्यांच्या मनात विनाकारण अपराधाची किंवा भीतीची भावना निर्माण करणे होय. जवसाची चटणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीबरोबर खाल्ली जाते आणि ती चांगलीच आहे, परंतु तिच्यातील मेदाम्लाचे ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर फारच अल्प होते, आणि तिने मूत्रपिंड वाचते असा पुरावा नाही. तेव्हा जवसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांचीही तीच कथा. करडई आणि शेंगदाणा ही आमच्या भागातील जुनी तेले सोडून पामतेलाकडे वळण्याचे कारण नाही, एवढे मात्र मी खात्रीने म्हणेन. करडईत लिनोलेइक आम्ल मुबलक असते, आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आलेल्या, १० देशांतील ३९,७४० प्रौढांच्या एकत्रित अभ्यासात रक्तात हे आम्ल अधिक असलेल्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचे प्रमाण कमी दिसले होते. हाही केवळ पाहणीचाच अभ्यास आहे, म्हणून त्यावरून करडईच्या तेलाच्या गोळ्या काढण्याची सूचना मी करणार नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा निर्णय मला अशा सगळ्या गोळ्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आहारात मूत्रपिंडासाठी निर्विवाद महत्त्वाचे काय असेल तर मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, बाहेरची चटणी हे सगळे धरून. त्याखेरीज गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मधुमेहीच्या मूत्रपिंडाचे किती नुकसान करतात, हे नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रपिंडविकारांच्या, कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसले तरी कळेल. आपल्या पुरवणीत या विषयावर स्वतंत्र लेख येण्याची गरज आहे.

डायलिसिस आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि केंद्राच्या २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून अनेकांना विनामूल्य मिळते, याबद्दल समाधान आहे. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, तालुक्याहून जिल्ह्याला, सोबत घरातला एक माणूस आणि त्या दोघांचाही बुडालेला रोजगार, हा हिशेब कोणतीही योजना भरून देत नाही. ज्या कुटुंबावर ही वेळ येते, त्याला पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी सकाळच्या लघवीचा नमुना तपासून घ्यायला सांगितले असते तर कदाचित ती टळली असती किंवा पुष्कळ पुढे गेली असती.

म्हणून आपणांस माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की रक्तातील एखाद्या घटकाचा आणि एखाद्या रोगाचा संबंध सांगणारी बातमी छापताना, तो अभ्यास केवळ निरीक्षणाचा होता की प्रत्यक्ष औषध देऊन केलेला प्रयोग होता, एवढे एक वाक्य तरी त्याच बातमीत घालावे, आणि प्रयोग झालेला असल्यास त्याचा निष्कर्षही सांगावा. दुसरी विनंती अशी, की मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो, त्या दिवशीच्या पुरवणीत एसीआर या तपासणीची माहिती, ती केव्हा करायची, नमुना कसा द्यायचा आणि आकड्याचा अर्थ काय, हे ठळकपणे छापावे. मधुमेह असलेल्या प्रत्येक वाचकाने तो मजकूर कापून आपल्या फाइलीत लावावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा. प्रयोगशाळांच्या चालकांनाही मी सांगू इच्छिते, की ‘मधुमेह पॅकेज’ या नावाने जे तपासण्यांचे गाठोडे सवलतीत विकले जाते, त्यात लिपिड प्रोफाइलच्या शेजारी एसीआर घालावे. त्यासाठी लागणारे यंत्र पुष्कळ ठिकाणी आधीपासून आहे आणि रुग्णाला नमुना देण्यासाठी सुईसुद्धा टोचून घ्यावी लागत नाही.

शेजारच्या काकूंचा एसीआर तपासून झाला आहे. तो ३० ते ३०० च्या मधला आला असून, दुसऱ्यांदा तपासून खात्री झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध बदलून दिले आहे आणि आता दर वर्षी ही तपासणी करण्याचे ठरले आहे. त्यांच्या संमतीनेच हे लिहिले आहे.

आपली विश्वासू,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर